मशिदीची गल्ली आणि दफनभूमीची भिंत: महापालिकेचा निधी वापरता येतो का?

प्रश्न (प्रभागातील रहिवासी, कोल्हापूर):
मशिदीपर्यंत जाणारी आमची गल्ली काँक्रीटची करावी आणि दफनभूमीला संरक्षक भिंत बांधावी, अशी मागणी आम्ही महापालिकेकडे केली आहे. करदात्यांचा पैसा धर्मस्थळावर खर्च करणे धर्मनिरपेक्षतेत बसत नाही, असा लेखी आक्षेप त्यावर आला आहे. तो कायद्याने टिकेल का?

उत्तर (वकील, कसबा बावडा):
हा आक्षेप बहुधा राज्यघटनेच्या अनुच्छेद २७ वर आधारलेला असावा. ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेले आहे, तो कर भरण्याची सक्ती या अनुच्छेदानुसार कोणावरही करता येत नाही. गल्ली सार्वजनिक असेल, तर तिच्या टोकाला मशीद आहे म्हणून ती धर्मकार्य ठरत नाही. मृतांच्या अंत्यविधीच्या जागांची व्यवस्था तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत मोडते. मशिदीच्या इमारतीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २००२ च्या दंगलीत नुकसान झालेल्या धर्मस्थळांच्या दुरुस्तीचा खर्च राज्याने द्यावा, हा गुजरात उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केला आणि कमाल ५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीची राज्याची योजना मान्य केली. म्हणून तुमच्या अर्जात इमारतीचे कोणतेही काम घालू नका.

उत्तर (शिवाजी पेठ):
पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्काराची सोय करते आणि त्यासाठी होळीला शहरभरातून शेणी दान होतात. तो खर्च धार्मिक आहे, असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग दफनभूमीच्या भिंतीलाच वेगळा न्याय का? मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये संस्था उभारून देणाऱ्या शाहू महाराजांच्या शहरात हा प्रश्न पडावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. अर्थात, तेव्हा संस्थान होते. आजच्या महापालिकेने कृपा नव्हे, कर्तव्य म्हणून हे काम करायचे आहे.

उत्तर (निवृत्त पालिका कर्मचारी):
आधी मालमत्ता पत्रक काढून दफनभूमीची जागा महापालिकेची आहे की वक्फची, हे पाहा. वक्फची असल्यास व्यवस्थापन समितीचे लेखी संमतिपत्र अर्जासोबत जोडा. सार्वजनिक रस्त्यावर नवे अनधिकृत धर्मस्थळ उभे राहू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे आणि तो मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा या सर्वांना सारखाच लागू आहे. त्यामुळे भिंतीची आखणी रस्त्याच्या हद्दीत येत नाही, याची मोजणी करूनच अंदाजपत्रक मागा.