मदत हवी आहे: गल्लीतून मुलांना सायकलवर शाळेत जाता यावं म्हणून नेमकं काय मागायचं? (पुणे)

गुलमोहर_दुसरा_मजला:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, पण वाचाच.

आम्ही कोथरूडला, कर्वे रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत राहतो. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली सोसायट्या, रुंदी फार तर सात मीटर. लेकाची शाळा दीड किलोमीटरवर. पाचवीत गेल्यापासून त्याला सायकलनं जायचंय, आणि मी त्याला रोज स्कूटरवर सोडते. कारण आठच्या सुमाराला मुख्य रस्ता तुंबला की निम्मी वाहतूक आमच्या गल्लीत घुसते. मोबाइलवरचा नकाशा हा शॉर्टकट दाखवायला लागल्यापासून तर कहर झालाय. (त्या गर्दीत माझीही स्कूटर असते. कोणी म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.)

गेल्या महिन्यात शेजारच्या आजींच्या कोपराला एका मोटारीचा आरसा लागला. हाड वाचलं. त्या संध्याकाळी आम्ही नऊ-दहा जण पार्किंगमध्ये जमलो आणि काहीतरी करायचं ठरवलं. काय करायचं यावर मात्र नऊ-दहा मतं. कोणाला स्पीड ब्रेकर हवा, कोणाला गल्लीच्या तोंडाला गेट. मी आपली हौसेनं "सायकल ट्रॅक करून मिळावा" असा अर्ज लिहून महापालिकेच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी वाचला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, पार्किंग काढायला सोसायट्या तयार आहेत का?" मी अर्ज तसाच घेऊन परत आले.

तर, काय मागायचं, कोणाकडे मागायचं, आणि शेजाऱ्यांना कसं पटवायचं? कोणी आपल्या गल्लीत असं काही केलं असेल तर कृपया सांगा.

चेन_पडली:

ताई, अर्ज परत आणलात ते बरं झालं. सात मीटरच्या गल्लीत ट्रॅक मागूच नका. दोन्हीकडच्या गाड्यांनी चार मीटर खाल्ले, उरले तीन. त्यात ट्रॅक रंगवला तर महिन्याभरात त्यावर टेम्पो उभा राहील. मोठ्या रस्त्याला ट्रॅक हवा, कारण तिथे वेगात फरक असतो. गल्लीत अख्खा रस्ताच सायकलला चालेल इतका वेग उतरवायचा. ताशी ५० नं येणाऱ्या गाडीची धडक देण्याची ऊर्जा ३० वाल्या गाडीच्या पावणेतीन पटीपेक्षा जास्त असते. शाळेतलं साधं गणित आहे, वेगाचा वर्ग.

म्हणजे मागण्या दोनच: वेग कमी करा आणि आरपार जाणारी वाहतूक तोडा.

पेठेतला_भाऊ:

आमच्या तरुणपणी कंपनीचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली. त्या कोणी "ॲडव्होकसी" करून आणल्या नव्हत्या. पुढे स्कूटरचा नंबर लागला, सायकल माळ्यावर गेली. मधे २०१७-१८ ला त्या पिवळ्या-नारिंगी भाड्याच्या सायकली आल्या, त्याही गेल्या.

पार्किंग काढायचं म्हणता, मग गाडी डोक्यावर ठेवायची का? हलके घ्या, पण उत्तर द्या.

गुलमोहर_दुसरा_मजला:

भाऊकाका, पार्किंग काढा असं मी म्हटलंच नाही, साहेब म्हणाले. पण प्रश्न खरा आहे. आमच्याच सोसायटीत २४ फ्लॅट आणि आतल्या जागा चौदा.

उट्रेख्तकर:

मूळचा सांगलीचा, सध्या नेदरलँड्समध्ये. इथे सगळं पहिल्यापासून असंच होतं असा आपल्याकडे समज आहे. १९७१ साली या एवढ्याशा देशात अपघातांत ३००० हून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. "मुलांची हत्या थांबवा" या नावानं पालकांनी चळवळ उभारली, आयाबाया मुलांसकट रस्त्यावर उतरल्या. डेल्फ्ट शहरात लोकांनी गल्लीत झाडं, बाकं, वळणं आणून गाड्यांना चालण्याच्या वेगावर आणलं. १९७६ मध्ये त्याला कायद्यात जागा मिळाली. माझ्या घराजवळच्या लाल डांबराच्या सायकल-रस्त्यावर पाटी आहे, तिचा अर्थ "मोटार इथे पाहुणी". पाहुण्यानं घरच्यांच्या कलानं घ्यायचं असतं, एवढंच.

आरपार वाहतूक तोडायला इथे गल्लीच्या मधोमध दोन खांब ठोकतात. सायकल जाते, मोटार परत फिरते. घरापर्यंत प्रत्येकाला जाता येतं, फक्त शॉर्टकट मरतो.

चेन_पडली:

@उट्रेख्तकर, खांबांची कल्पना उत्तम, पण पुण्यात अडचण वेगळी. जिथून सायकल जाते तिथून ॲक्टिव्हाही जाते, आणि जिथून जात नाही तिथून फुटपाथवरून जाते. खांबांनी मोटारी थांबतील, दुचाक्या नाहीत. त्यांना वेगच उतरवायला लावावा लागेल. शिवाय खांब काढता येण्याजोगे हवेत, नाहीतर अग्निशमन दलाची हरकत येईल, आणि ती बरोबरच असेल.

कागदी_घोडा:

स्थापत्य विभागातून निवृत्त आहे, म्हणून थोडं कागदाविषयी.

एकाच अर्जात सगळं मागू नका. गतिरोधक, चौकाची उंची वाढवणं, कोपरे आवळणं (म्हणजे गाडीला वळताना वेग कमी करावाच लागेल असं वळण अरुंद करणं) ही कामं पथ विभागाची, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात. एकेरी वाहतूक किंवा प्रवेशबंदी ही वाहतूक पोलिसांकडची बाब. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली असे आदेश निघतात, पुण्यात बऱ्याचदा आधी "प्रायोगिक तत्त्वावर", आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवतात. तुमच्या फायद्याचा शब्द हाच. "कायमचं बंद करा" म्हटलं की फाइल झोपते. प्रयोगाला नाही म्हणणं अवघड जातं.

गतिरोधक मागताना "इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे" हे शब्द घालाच. ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलसर. त्यावरून ताशी २५ च्या आसपास गाडी आरामात जाते. नाहीतर तो काळा-पिवळा रबरी पट्टा ठोकून जातील. गाडीवाला त्यावरून उडत जातो आणि सायकलवाल्याचे मणके मोजले जातात. काम छोटं असेल तर महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे, तिथेही एक अर्ज टाका. आणि २०१७ मध्ये महापालिकेनंच सायकल आराखडा मंजूर केलाय. त्याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात हवा. तुम्ही नवं काही मागत नाही, त्यांचंच ठरलेलं आठवण करून देताय.

प्रत्येक कागदाची पोच आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे गप्पा.

संत्रानगरी:

आमच्या नागपूरची थोडी जाहिरात. २०२० मध्ये केंद्रानं सायकलींसाठी शहरांना आव्हान दिलं होतं, त्यात निवडलेल्या ११ शहरांत नागपूर होतं, पिंपरी-चिंचवडही. त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे आधी तात्पुरतं करून बघा: रंग, शंकू, कुंड्या. चुकलं तर उचलून घ्या. सिमेंट ओतल्यावर भांडण्यापेक्षा खडूच्या रेघेवर भांडलेलं परवडतं.

गुलमोहर_दुसरा_मजला:

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदी_घोडा, तुमचा प्रतिसाद छापून सोसायटीच्या फळ्यावर लावलाय.

अपडेट देते. शनिवारी आमच्या मीटिंगमध्ये "सायकल" हा शब्द मी वापरलाच नाही. "बाहेरच्यांचा शॉर्टकट बंद" म्हटलं, आणि ज्या काकांनी आधी सही नाकारली होती त्यांनी पेन मागितलं! त्यांच्या दारासमोरची जागा तशीच राहणार हे मात्र तीनदा वदवून घेतलं. समोरच्या सोसायटीचे चेअरमन अजून अडून आहेत. त्यांचं म्हणणं, आमची वाहतूक शेजारच्या गल्लीत ढकलली जाईल. याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. म्हणून आता शेजारच्या गल्लीतल्या दोघींनाही गटात घेतलंय. मागायचं तर दोन्ही गल्ल्यांसाठी एकदम.

या सोमवारपासून आठवडाभर सकाळी साडेसात ते साडेआठ गाड्या मोजणार: आरपार जाणाऱ्या वेगळ्या, इथेच थांबणाऱ्या वेगळ्या. लेक आणि त्याचे दोन मित्र वहीत रेघा मारणार आहेत. त्यांना वाटतंय परीक्षेपेक्षा बरं.

त्यानंतरच्या रविवारी परवानगी मिळाली तर दोन तासांसाठी संत्रानगरी म्हणतात तसं करून बघायचंय. खडू आहेत, कुंड्या आहेत. ते नारिंगी शंकू कोणाकडे उसने मिळतील का? आठ पुरतील.

पेठेतला_भाऊ:

मुलाचा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे. बारा आहेत, शनिवारी रात्री येऊन घेऊन जा. सोमवारी लग्न आहे, तेव्हा रविवारी संध्याकाळी मोजून परत पाहिजेत.