पांबनचा पहिला पूल रेल्वेचा
कोणीतरी लिहिलंय की रामेश्वर बेट (म्हणजेच पांबन बेट) मुख्य भूमीला जोडलं गेलं ते १९८८ साली. पण तेव्हा झाला तो रस्त्याचा पूल. रेल्वे पूल १९१४ पासूनच होता! जहाज आलं की माणसं हाताने तरफा फिरवून त्याचा मधला गाळा दोन झडपांसारखा उघडत. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात बेटाच्या टोकाच्या धनुष्कोडीजवळ अख्खी प्रवासी गाडी समुद्रात गेली, पुलाचे कितीतरी गाळे वाहून गेले. रेल्वेचे अभियंता ई. श्रीधरन यांनी तो ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा गाळा लिफ्टसारखा सरळ वर जातो. जुन्या पुलाचा निदान उघडणारा भाग तरी जपावा, असं मनापासून वाटतं.