मदत हवी आहे : स्पॅनिंग ट्री, एज पोर्ट आणि पीव्हीआयडी

नमस्कार. एका लहान कार्यालयाचे नेटवर्क साध्या स्विचवरून मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर आणण्याचे काम माझ्याकडे आहे. तीन स्विच एकमेकांना त्रिकोणात जोडलेले आहेत, जेणेकरून एक केबल तुटली तरी दुसऱ्या मार्गाने काम चालू राहावे. स्पॅनिंग ट्री (जादा मार्ग रोखून ठेवणारी व्यवस्था) चालू आहे आणि लूपचा, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहण्याचा, त्रास मुळीच नाही. तरीही दोन गोष्टी उलगडत नाहीत.

संगणक सुरू केल्यावर पोर्टचा दिवा लगेच लागतो, परंतु डीएचसीपीकडून (आयपी पत्ते आपोआप देणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळायला अर्धा मिनिट जातो, आणि काही संगणक तोवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन मोकळे होतात. सेटिंगमध्ये 'एज पोर्ट' हा (पोर्ट न थांबता लगेच सुरू करणारा) पर्याय दिसतो; तो सर्व पोर्टवर सरसकट चालू केल्यास धोका आहे का? शिवाय तिघांतला सर्वांत जुना स्विच रूट ब्रिज (स्पॅनिंग ट्रीचे मूळ असलेला स्विच) झालेला दिसतो, तो कशाच्या आधारावर?

दुसरी शंका व्हीलॅनची, म्हणजे त्याच स्विचवर केलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कची. पोर्ट ७ हे व्हीलॅन २० चे 'अनटॅग्ड' सदस्य आहे, तरी त्यावरच्या संगणकाला त्याच व्हीलॅनमधील सर्व्हर सापडत नाही. पोर्टचा पीव्हीआयडी १ दिसतो. सदस्यत्व दिल्यावर पीव्हीआयडी वेगळा द्यावा लागतो का?

प्रतिसाद

हो, बऱ्याच स्विचमध्ये तो वेगळाच द्यावा लागतो. अनटॅग्ड सदस्यत्व हे बाहेर जाणाऱ्या फ्रेमसाठी (डेटाच्या तुकड्यासाठी) असते, म्हणजे व्हीलॅन २० ची फ्रेम त्या पोर्टमधून टॅग (व्हीलॅन क्रमांकाची खूण) काढून सोडावी एवढेच ते सांगते. आत येणारी बिनटॅगची फ्रेम कोणत्या व्हीलॅनची मानायची, हे पीव्हीआयडी ठरवतो. त्यामुळे आपल्या संगणकाची एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक म्हणजे हार्डवेअर पत्ता शोधणारी) विचारणा व्हीलॅन १ मध्ये जाते आणि सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. खात्री करायची असल्यास त्या संगणकावर वायरशार्क (नेटवर्कवरील फ्रेम दाखवणारे सॉफ्टवेअर) चालवावे. व्हीलॅन २० मधले ब्रॉडकास्ट (सर्वांसाठीचे संदेश) येताना दिसतील, पण आपल्या विचारणेला उत्तर येणार नाही. पीव्हीआयडी २० करावा आणि पोर्ट ७ व्हीलॅन १ मधून काढावे. स्विच-स्विचमधील जोडण्यांवर मात्र व्हीलॅन २० टॅग्डच हवा.

अर्ध्या मिनिटाचा हिशेब सरळ आहे. स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट लिसनिंग आणि लर्निंग या अवस्थांत प्रत्येकी १५ सेकंद थांबते, मगच फ्रेम पुढे सोडते. केवळ आरएसटीपी (स्पॅनिंग ट्रीची जलद आवृत्ती) निवडून हे टळेलच असे नाही, कारण त्यातील जलद वाटाघाट दोन स्विचमध्ये होते. संगणक त्या वाटाघाटीतील प्रस्तावाला उत्तर देत नाही, आणि स्विच एज पोर्ट आपोआप ओळखणारा नसेल तर तेवढाच वेळ जातो. म्हणून संगणक व प्रिंटर यांच्या पोर्टवर एज पोर्ट अवश्य चालू करावे, स्विचमधील जोडण्यांवर कधीही नको. सोबत बीपीडीयू गार्ड लावावा, म्हणजे कोणी टेबलाखाली दुसरा स्विच जोडला आणि त्याचा बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच पाठवतो तो संदेश) आला, तर ते पोर्ट बंद होईल. (टेबलाखाली स्विच जोडणारे सगळीकडे असतात.)

रूट ब्रिज निवडताना आधी प्रायॉरिटी पाहतात. ती मुळात सर्वांची ३२७६८ असते, मग ज्याचा मॅक पत्ता लहान तो जिंकतो, आणि जुन्या उपकरणाचा पत्ता अनेकदा लहान असतो. मुख्य स्विचला ४०९६ आणि त्याच्या पर्यायाला ८१९२ द्यावे; हा आकडा ४०९६ च्या पटीतच चालतो.

धागाकर्ता

पीव्हीआयडी बदलताच सर्व्हर सापडला, आभारी आहे. काही टेबलांवर आयपी फोन असून संगणक त्या फोनमधून पुढे जोडला आहे. तिथे एज पोर्ट चालेल का?

प्रतिसाद

चालेल. त्या पोर्टवर फोनचा व्हीलॅन टॅग्ड आणि संगणकाचा अनटॅग्ड ठेवावा, पीव्हीआयडी संगणकाचा द्यावा. स्विचमध्ये एलएलडीपी-मेड (फोन व स्विच यांनी एकमेकांना माहिती देण्याची पद्धत) असल्यास फोनला आपला व्हीलॅन क्रमांक स्विचकडूनच कळतो. मात्र ज्या पोर्टवरून आपण स्विचच्या सेटिंगमध्ये शिरलेले आहात, त्याचा पीव्हीआयडी सर्वांत शेवटी बदलावा. मॅनेजमेंट व्हीलॅन वेगळा असेल तर त्याच क्षणी संपर्क तुटतो.