हेड उतरवले आहे, तर पंपही बदलून घ्यावा
आपल्या १९९८ च्या मारुती ८०० चे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधली सीलबंद करणारी पट्टी) गेले असून, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, फिरवणारा वॉटर पंप अजून चालतो आहे म्हणून तो तसाच ठेवावा, असे मेकॅनिकने सुचवल्याचे आपण लिहिले आहे. माझे मत याच्या उलट आहे. या ७९६ सीसी इंजिनाचे हेड काढायचे तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवणारा पट्टा) उतरवावाच लागतो आणि कूलंटही काढून टाकावे लागते. म्हणजे पंपासाठी लागणारी बरीचशी मेहनत तशीही होणारच आहे. त्यातच पंपाच्या लहान छिद्रातून पाझर दिसत असेल किंवा त्याचा दांडा हाताने हलत असेल, तर तो परत बसवूच नये.

याहून अधिक काळजी मात्र हेडची घ्यावी. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असल्याने इंजिन फार तापले की हेड वाकू शकते, आणि वाकलेल्या हेडखाली उत्तम प्रतीचे गॅस्केटही टिकत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजणाऱ्या पातळ पात्या) लावून सपाटी तपासावी, ०.०५ मिलिमीटरहून अधिक फट आढळल्यास हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग सपाट करायला, द्यावे. बोल्टची भोके कोरडी करून, बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. इथे हाताचा अंदाज, तो कितीही सराईत असला तरी, मी मान्य करणार नाही. कूलंट मिसळून जुने ऑइल दुधाळ झाले असेल, तर तेही फिल्टरसह बदलावे.