अलास्का: हिमनद्या आणि देवमासे बघायचेत, पण बोटीत मळमळतं. कोणती सहल घ्यावी?

रानजाई:
जुलैत अलास्काला जातोय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेली माझी आई. मुक्काम अँकरेजला, गाडी भाड्याने घेणार. अलास्काला जाऊन बोटीतून हिमनदी बघितली नाही तर काय बघितलं, असं सगळेच म्हणतात. पण मला बोट लागते. गेटवेहून मांडव्याला जातानासुद्धा मी डोळे मिटून बसते. आई बोटीत कधी बसलेलीच नाही, पण आंबेनळी घाटात तिला हमखास गाडी लागते. नवऱ्याला काही होत नाही. लेकीलाही नाही, आणि तिला ऑर्का हे काळे-पांढरे देवमासे आणि पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी बघायचेच आहेत.

सुअर्ड या बंदरगावाहून अर्ध्या दिवसाच्या, सहा तासांच्या, साडेआठ तासांच्या सहली दिसतात. व्हिटियर या दुसऱ्या बंदरगावाहून वेगळ्याच. मोठ्या सहलींना माणशी दोनशे डॉलरच्या वर पडतात. एवढे पैसे भरून दोघींनी पिशवी धरून बसायचं, हे मला नको आहे. कोणती घ्यावी? गोळी कोणती घ्यावी? आईला काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत.

मेतकूट:
आम्ही जूनमध्ये सुअर्डची सहा तासांची घेतली होती. समुद्र अगदी शांत होता, कुणालाच काही झालं नाही. ऑर्कांचा कळप दिसला. बिनधास्त जा.

पाऊलवाट:
मेतकूट यांना समुद्र शांत मिळाला, छानच झालं. पण आई बरोबर असताना त्या एका दिवसाच्या भरवशावर जाऊ नका. त्याच वाटेवर बोटीतली निम्मी माणसं कठड्याला धरून उभी असलेली मी बघितली आहेत, आणि वर लख्ख ऊन होतं.

आधी हे लक्षात घ्या की हिमनदीसमोर बोट लागत नाही. तिथे खाडी अरुंद असते, दोन्हीकडे उभे डोंगर असतात, पाण्यावर बर्फाचे तुकडे पसरलेले असतात. लाट उठतच नाही. कप्तान इंजिनही मंद करतो, कधी बंदच करतो. त्रास होतो तो वाटेत. त्यामुळे जाहिरातीत किती हिमनद्या लिहिल्यात ते राहू द्या, वाटेतला किती भाग उघड्या समुद्रातून जातो ते विचारा. बुकिंगच्या खिडकीवर हा प्रश्न थेट विचारलात तर सरळ उत्तर मिळतं.

सुअर्ड ज्या उपसागरावर आहे तो रेझरेक्शन बे तसा आडोशाचा आहे. पण त्याच्या तोंडातून बाहेर पडून एयालिक केप या भूशिराला वळसा घालायला लागलं की उजवीकडे कडे आणि डावीकडे थेट अलास्काचं आखात. दूर कुठेतरी वादळ होऊन गेलेलं असतं, त्याची लांब फुगलेली लाट इथवर येते. बोट पुढेमागे आणि डावीउजवीकडे एकदमच डुलते. सहा तासांची सहल याच वाटेने होलगेट किंवा एयालिक हिमनदीला जाते, आणि त्याच वाटेने परत येते. साडेआठ तासांची नॉर्थवेस्टर्न फ्योर्डला (फ्योर्ड म्हणजे उभ्या कड्यांमधली अरुंद खाडी) जाते, तिच्यात उघडा समुद्र आणखी जास्त. तुम्ही दोघींनी ती मनातूनच काढून टाका.

पण प्राणी सुअर्डलाच जास्त, हेही खरं. चिसवेल बेटांवर पफिन आणि स्टेलर सी लायन (सीलसारखे मोठे प्राणी) असतात, ऑर्का आणि हंपबॅक देवमासे दिसण्याची शक्यताही याच बाजूला चांगली. खोल समुद्राचं खाद्य किनाऱ्याशी येऊन भिडतं, म्हणून ते सगळे तिथे जमतात. म्हणजे जिथे लाट आहे तिथेच लेकीचे पफिन आहेत.

व्हिटियरचं गणित उलटं. ते प्रिन्स विल्यम साउंड या जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या काठी आहे. त्याच्या तोंडाशी माँटेग्यू आणि हिंचिनब्रुक ही मोठी बेटं आडवी आहेत, आखाताची लाट ती अंगावर घेतात. आत पाणी बहुतेक दिवस स्थिर असतं. तिथली एक कंपनी तर बोट लागणार नाही अशी हमी देऊन तिकिटं विकते. समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या एकापाठोपाठ एक दिसतात. सी ऑटर (समुद्री पाणमांजरं) पाठीवर तरंगताना दिसतात, बर्फाच्या लाद्यांवर सील पहुडलेले असतात आणि गावासमोरच्या कड्यावर किटिवेक पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. देवमासे मात्र दिसले तर दिसले.

माझा सल्ला: चौघांनी मिळून व्हिटियर घ्या. हिमनदीचा तुकडा कोसळताना आईने बघायलाच हवा. आधी भिंतीवरून पांढरी धूळ खाली सरकताना दिसते, आवाज मागाहून येतो, मग बोटीखालून हलकी लाट जाते. खलाशी जाळीने बर्फाचा एखादा तुकडा वर काढतात आणि हातात देतात. काचेसारखा पारदर्शक असतो.

मग दुसऱ्या दिवशी सुअर्डला जा. लेकीला आणि बाबांना सहा तासांच्या बोटीवर सोडा. तुम्ही दोघी तोवर एक्झिट ग्लेशियरला जा, किनाय फ्योर्ड्स नॅशनल पार्कात रस्त्याने पोचता येणारा भाग हाच. उतरून सोप्या पायवाटेने थोडं चाललं की हिमनदी दिसते. नंतर गावातल्या अलास्का सीलाइफ सेंटरला. तिथे पफिन हातभर अंतरावर असतात, पाण्याखाली सूर मारतानाही काचेतून दिसतात. बोटीवरून ते इतक्या जवळून कधीच दिसत नाहीत.

रानजाई:
पाऊलवाट, खूप आभार. दोन दिवस वेगळे करायचं डोक्यातच आलं नव्हतं. पण लेक म्हणते आई तूपण चल. मी एकटीने गोळी घेऊन सुअर्डची करावी का? बसायचं कुठे?

पाऊलवाट:
तिच्यासाठी यायचंच असेल तर रेझरेक्शन बेमधली अर्ध्या दिवसाची घ्या, आईलाही नेता येईल. ती उपसागराबाहेर फारशी जात नाही. बेअर ग्लेशियर लांबून दिसते, जवळ जाता येत नाही. पण सी ऑटर, सी लायन, पफिन आणि नशिबात असेल तर देवमासाही मिळून जातो.

बसायचं खालच्या डेकवर, बोटीच्या मध्याच्या जरा मागे, आणि शक्यतो बाहेर. वरचा डेक सगळ्यात जास्त हलतो. अगदी शेवटच्या टोकाला डिझेलचा वास येतो, तिथेही नको. दुहेरी सांगाड्याची कॅटमरान मिळाली तर तीच घ्या. नजर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावर ठेवा. मोबाइलच्या पडद्यातून आणि दुर्बिणीतून बघत राहिलं की हमखास मळमळतं, फोटो नवऱ्याला काढू द्या. कप्तान भोंग्यावरून 'दोन वाजता देवमासा' असं सांगतो, म्हणजे बोटीचं नाक बारावर धरून दोनच्या दिशेला. सगळे तिकडे धावतात. तुम्ही धावू नका, बोट वळते, तुमच्या बाजूलाही येते.

आणि कपडे. माणसं थंडी वाजते म्हणून आत जाऊन बसतात, आणि आतल्या उबेत, खाण्याच्या वासात त्रास सुरू होतो. जुलै असला तरी हिमनदीकडून येणारा वारा बोचतो. आईला थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर वाराबंद जाकीट, कानटोपी आणि हातमोजे. साडी नेसणार असतील तर आतून थर्मल हवंच. बाहेर तीन-चार तास आरामात उभं राहता आलं पाहिजे.

आदल्या संध्याकाळी नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेचा सागरी अंदाज बघा. त्यात वारा नॉटमध्ये आणि लाटा फुटांत दिलेल्या असतात. दोन-तीन फूट असेल तर ठीक. सहाच्या वर असेल तर बदलता येतं का ते विचारा. तिकीट काढतानाच रद्द करण्याची मुदत वाचून ठेवा. समुद्र खवळला तर कप्तान वाट बदलतो किंवा उपसागरातूनच फिरवून आणतो, तेव्हा पैसे परत मिळतात का, तेही विचारून घ्या.

शतावरी:
औषधांचं मी सांगते, मी डॉक्टर आहे. रानजाई, काचबिंदू आहे हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी बोटीसाठी प्रभावी आहे, पण डोळ्यातलं पाणी निचरायचा कोन बंद असलेल्या काचबिंदूत ती चालत नाही, डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. अव्होमिन, ड्रामामिन आणि मेक्लिझिन या गोळ्याही काचबिंदूत जपूनच घ्यावी लागतात. आईंचा काचबिंदू कोणत्या प्रकारचा आहे ते त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय काहीही देऊ नका. त्यांच्यासाठी शांत पाण्याची बोट हाच खरा उपाय, बरोबर आलेपाकाच्या वड्या. आल्याने थोडा फायदा होतो.

तुमच्यासाठी मेक्लिझिन. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळते, निदान तासभर आधी घ्यायची. आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा, काहींना गुंगी येते. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आणि एमसेट बरोबर नेणार असाल तर तिच्यावर विसंबू नका. पोट बिघडल्यावरच्या उलट्यांना ती उत्तम, बोट लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. उपाशीपोटी जाऊ नका. टोस्ट, इडली, दहीभात असं काही हलकं खा, तळलेलं नको.

कोरांटी:
काचबिंदूचं ऐकून सुचवते. आई नकोच म्हणाल्या तर व्हिटियरच्या वाटेवरच पोर्टेज तलाव आहे. तिथे तासाभराची बोट पोर्टेज हिमनदीसमोर नेऊन आणते. तलावच आहे, समुद्राची लाट नाही. माझ्या सासूबाई फक्त तिथे आल्या आणि खूष झाल्या.

रानजाई:
ठरलं. चौघं व्हिटियर, दुसऱ्या दिवशी चौघं सुअर्डची अर्ध्या दिवसाची आणि दुपारी पफिन बघायला सीलाइफ सेंटर. साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना उद्या फोन करते. व्हिटियरच्या बोगद्याचं काहीतरी वेळापत्रक असतं ना?

पाऊलवाट:
असतं, आणि त्यावरच बोट चुकते. चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा आहे, आगगाडी आणि मोटारी त्याच एका वाटेने जातात. व्हिटियरकडे जायला तो दर अर्ध्याच्या ठोक्याला उघडतो, म्हणजे साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा. परत यायला तासाच्या ठोक्याला. एक खेप हुकली की तासभर बाहेर थांबायचं. बोट साडेबाराची असेल तर साडेदहाची खेप धरा, म्हणजे अँकरेजहून नऊच्या आत निघा. टर्नअगेन आर्मच्या काठाने जाणारा तो रस्ताही वळणावळणाचा आहे, आईंना पुढच्या सीटवर बसवा. तुमची गोळी अँकरेजहून निघतानाच घ्या, धक्क्यावर पोचल्यावर नको.