मदत हवी आहे: शेतात पोर्टेबल केबिन ठेवू का कॅम्पर घेऊ?

मंडळी जरा सल्ला पायजे. आम्ही सोलापूरचे, घरात चौघं आणि आई. उजनीच्या बॅकवॉटरकडं थोडी जमीन आहे, तर सुट्टीत दोन दिवस निवांत राहायला तिथं २० बाय ८ फुटी केबिन ठेवायची का जुनी व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर (आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) करून घ्यायचा असं चाललंय. मला मनातनं केबिनच आवडतीय, आईला नीट झोपता येईल, संडास-बाथरूम पक्कं होईल, हिवाळ्यात पोरांना फ्लेमिंगो दाखवता येतील. पण आपल्याकडचं ऊन! एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर जातंय, पत्र्याची नुसती भट्टी होणार, पफ पॅनलनं (मधे फोम भरलेले, उष्णता अडवणारे पत्रे) खरंच फरक पडतो का? कॅम्पर तुळजापूर, पंढरपूर, कोकण कुठंही नेता येतो हे खरं, पण बाकीचं वर्षभर दारातच उभा, टायर-बॅटरी खराब, त्यात गाडीत बदल केला की आरटीओची मंजुरी अन् आरसीवर नोंद आलीच. ज्यांनी शेतात केबिन ठेवलीय त्यांनी प्लीज सांगा, मे महिन्यात रात्री आत झोपवतं का, आणि काळ्या मातीत खाली पाया काय केला? पावसाळ्यात एका बाजूनं खचली तर काय, याचीच जास्त काळजी वाटतीय.