पिकअपला बाजारातला सायलेन्सर: कॅट ठेवावा की काढावा?

मोसंबीवाला, अंबड:
राम राम मंडळी. माझी बोलेरो पिकअप २०१८ ची, बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमाची). मोसंबीच्या दिवसांत पाचोडच्या मार्केटला माल, उन्हाळ्यात ज्वारीचा कडबा. गाडी रोज चाकोरीतून, नाल्याच्या पाण्यातून जाते, त्यामुळं सायलेन्सर खालच्या शिवणीवर पार सडलाय. दोनदा वेल्डिंग मारलं. आता टाका धरायला पत्राच राहिला नाही, बोटानं दाबलं की पापुद्रे निघतात. धूर केबिनमधी यायलाय. परवा वडील सोबत होते. वडीगोद्री ते पाचोड काच खाली करून बसले, तरी घरी येऊन डोकं धरून झोपले.

गॅरेजवाला म्हणतो, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू, सरळ पाइप मारू, पिकअप वाढंल, ॲव्हरेजही वाढंल. मला ते पटंना. वरून कडब्याची ताटं पाइपापर्यंत लोंबतात, त्याची धास्ती वेगळीच. बाजारातला, म्हणजे कंपनीचा नसलेला सायलेन्सर चालंल का, अन् कॅटचं काय करावं?

जुना मिस्त्री, जालना:
भाऊ, काम होईपर्यंत वडलांना त्या गाडीत बसवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखलं की समजायचं.

कॅट हात लावायची वस्तू नाही. बिना ट्यूनिंगचा सरळ पाइप मारून पिकअप वाढत नाही, नुसता आवाज वाढतो आणि गाडी पळाल्यासारखी वाटते. ॲव्हरेज वाढलेली एकही गाडी माझ्याकडं परत आली नाही. धूर-आवाजाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, वर लायसन्स तीन महिने बाद.

बाजारातला सायलेन्सर बसवा, खुशाल. फक्त दोन्हीकडचे फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) जुन्याशी जुळवून घ्या, मधलं गॅस्केट (जोड बंद करणारं पॅकिंग) नवीनच टाका. गंजलेल्या नटांना रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी घाई केली तर स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो, मग ड्रिलिंगचं काम निघतं. आधी सगळं रबरांवर लटकवा, नट अर्धेच आवळा. पाइप सरळ आला की पुढून मागं आवळत जा. ओढून-ताणून बसवलेला पाइप इंजिनच्या हादऱ्यानं फ्लँजजवळ तडकतोच. वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरीचं टर्मिनल काढा आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर त्या पाइपलाच लावा.

बीएस-६ वाल्यांनी माझं हे उत्तर आपल्या गाडीला लावू नये. त्यात डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि सेन्सर असतात, तिथलं काम वेगळं.

उसाचा ट्रिपवाला, गेवराई:
कडब्याची धास्ती खरी आहे दादा. मागच्या हंगामात माझ्या पाइपावर पाचट अडकलं. धाब्यावर थांबलो तेव्हा खालून धूर. पाण्याचा कॅन होता म्हणून गाडी वाचली. जुना सायलेन्सर काढताना वरचा उष्णतारोधक पत्रा भंगारात जातो, तो जपून ठेवा अन् परत लावा. पाइप अन् फळ्यांमधी निदान चार बोटं जागा पाहिजे. ब्रेकच्या नळीपासूनही लांब ठेवा. कडबा भरल्यावर खाली वाकून ताटं ओढून काढायची, रोज.

मोसंबीवाला, अंबड:
मंडळी, काम झालं. कॅट आहे तिथंच आहे. एक स्टड तुटलाच, त्यात दुपार गेली. पत्रा परत बसवला. गार इंजिन चालू करून मागच्या तोंडावर जाड फडकं धरलं, तर एका जोडातून फुसफुस आली. क्लँप काढला, थोडा फिरवून परत आवळला, बंद झाली. पाचोडची एक फेरी करून गाडी गार झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळले, दोन ढिले निघाले. काल वडील सोबत होते, काच वर करून शहागडपर्यंत गप्पा मारत आले.